छोट्या अनुदानात गावाचा वाटा किती?

मा. संपादक,

विद्यापीठ आणि गाव यांनी मिळून आरोग्य संशोधन करावे म्हणून लाख-दोन लाखांची अनुदाने दिली जातात. रक्कम पुरते. पुरत नाही ती मुदत.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांतील पाण्यातल्या फ्लोराइडचेच बघा; हा क्षार जास्त झाला की दात आणि हाडे खराब होतात. एकाच हातपंपाचे पाणी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात, असे दोनदा तपासावे लागते; पाऊस मुरला की प्रमाण बदलते. साचलेले पाणी उपसून मग नमुना घ्यायचा, तोही प्लास्टिकच्या बाटलीत, कारण काचेशी फ्लोराइडची अभिक्रिया होते. सोबत मुलांचे दात तपासायचे असतील तर माणसांवरचे संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी. कॉलेजला स्वतःची समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करता येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही सोय आहे, पण अर्ज लिहिताना ती फारशी कुणाला आठवत नाही. एवढे सगळे करायचे, आणि पैसे फेब्रुवारीत येऊन ३१ मार्चला उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे रक्कम खर्च झाल्याचा दाखला, मागितले जाणार! मग पैसे संपवायला प्रिंटर विकत घेतला जातो. मुदत अठरा महिन्यांची असावी आणि शिल्लक रक्कम पुढच्या वर्षी वापरू द्यावी.

दुसरी अडचण बिलांची. नोंदी ठेवणाऱ्या गावातल्या मुलीला मानधन, बैठकीचा चहा, बुडालेली मजुरी हे खर्च पक्क्या बिलात बसत नाहीत. सही किंवा अंगठ्याचे व्हाउचर मान्य करावे. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे महसूल तिकीट लावले की झाले. 'आधी खर्च करा, मग मागा' ही पद्धत प्राध्यापकाला कशीबशी झेपते, बचत गटाला नाही. दोन लाखांपैकी किमान ऐंशी हजार गावाच्या नावे, आणि त्यातले निम्म्याहून जास्त सुरुवातीलाच द्यावेत. गावातली माणसे शास्त्रशुद्ध नोंदी ठेवतील का, ही शंका आता नको. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांकडून केलेले नवजात बालकांचे काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आहे.

बैठका पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवू नयेत. धुऱ्यावर असलेला माणूस सभेला येत नाही.

निष्कर्ष गावाला सांगण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. नोव्हेंबरचे नमुने तपासून झाले की २६ जानेवारीची ग्रामसभा हाताशी असते. तिथे प्रत्येक हातपंपाचा आकडा वाचून दाखवावा, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पंप लाल रंगवावेत. सिकलसेलसारख्या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीत मात्र हे चालणार नाही. तो अहवाल ज्याचा त्यालाच, समुपदेशनासह द्यावा. चारचौघांत नाव फुटले तर मुलीचे लग्न अडते आणि पुढच्या तपासणीला गाव दार उघडत नाही.

– सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील काही शिक्षक व कार्यकर्ते, यवतमाळ