रंगच जिथे गोष्ट सांगतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'सुट्टीत घरबसल्या काय पाहाल' ही यादी वाचली. तीत झांग यिमोऊ यांचा 'हीरो' आणि आंग ली यांचा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' हे दोन्ही चित्रपट 'मारधाड' या सदराखाली आहेत आणि पुढे लिहिलं आहे की दिसायला सुंदर, कथा बेताची. लिहिणाऱ्यांचा मान राखून सांगतो, हे मला अजिबात मान्य नाही. मी सांगलीत हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. राज्य नाट्य स्पर्धेपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत, डिमरवर हात ठेवून अंधारात बसायचं आणि समोरच्या माणसांवर किती उजेड पडायचा ते ठरवायचं, हे माझं काम. या चित्रपटांनी मला जे शिकवलं ते कोणत्याही शिबिरात मिळालं नाही. म्हणून हे पत्र, आणि थोडं लांबलं तर सांभाळून घ्यावं.

'हीरो' हा 2002 सालचा. काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला. चीनमध्ये सात राज्यं आपापसांत लढत होती आणि छिनचा राजा बाकीची सहा गिळायला निघाला होता. इ. स. पू. 221 मध्ये त्यानं ती गिळली आणि तो चीनचा पहिला सम्राट झाला. त्याआधी, 227 मध्ये, जिंग के नावाच्या माणसानं गुंडाळलेल्या नकाशात खंजीर लपवून त्याच्यावर हल्ला केला होता, तो फसला. सीमा छ्येन या इतिहासकारानं लिहून ठेवलेली ही हकीकत चिनी माणसाला आपल्या अफझलखानवधासारखी तोंडपाठ असते. झांग यांनी अशाच एका मारेकऱ्याची गोष्ट रचली आहे.

जेट लीचा निनावी योद्धा दरबारात येतो आणि सांगतो, महाराज, तुमच्या जिवावर उठलेल्या तिघांना मी संपवलं. राजाच्या शंभर पावलांच्या आत कुणाला येऊ देत नाहीत. एका मारेकऱ्याला मारल्याचं बक्षीस म्हणून निनावी वीस पावलांवर येऊन बसतो. उरलेल्या दोघांबद्दल, 'ब्रोकन स्वोर्ड' आणि 'फ्लाइंग स्नो' या प्रेमिकांबद्दल, दहा पावलांवर. म्हणजे तो जसजशी गोष्ट सांगतो तसतसा राजाच्या जवळ सरकतो. बसल्या जागी चाललेल्या संभाषणात एवढा ताण कुठून येतो, तर या पावलांच्या हिशेबातून. कथा बेताची म्हणणाऱ्यांनी एवढं एक प्रकरण जरी नीट पाहिलं तरी पुरे.

आता रंग. निनावीनं सांगितलेली हकीकत सगळी लाल आहे. ते प्रेमिक राहतात ती सुलेखनाची शाळा लाल, कपडे लाल, आणि प्रेमिकांमध्ये मत्सर, सूड, विश्वासघात. राजा ऐकून घेतो आणि म्हणतो, ती माणसं इतक्या हलक्या मनाची नव्हती. मग तो स्वतःच्या तर्कानं तीच गोष्ट सांगतो आणि पडदा निळा होतो. तीच माणसं आता एकमेकांसाठी मरायला तयार. शेवटी निनावी खरं काय ते सांगतो तेव्हा कपडे पांढरे आहेत आणि त्या खऱ्या हकीकतीच्या पोटात जी जुनी आठवण आहे ती हिरवी. कोण सांगतंय, ते खरं की खोटं, ऐकीव की भोगलेलं, हे कुणीही तोंडानं बोलत नाही. डोळ्यांना ते आपोआप कळतं. आम्ही नाटकवाले रात्र दाखवायला दिव्यापुढे निळं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावतो, खून दाखवायला लाल, आणि तेवढ्यावर खूश असतो. इथे रंगाला निवेदकाचं काम दिलेलं आहे आणि तो निवेदक खोटंही बोलू शकतो.

हे एकट्या दिग्दर्शकाचं श्रेय नव्हे. छायाचित्रण ख्रिस्तोफर डॉयल यांचं. कपडे एमी वाडा यांचे, त्याच वाडा, ज्यांना जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या 'रान' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. द्वंद्वं बसवली चिंग सिउ-तुंग यांनी, संगीत तान दुन यांचं. तळ्यावरची लढाई चीनमधल्या चिऊझायगौ खोऱ्यात चित्रित झाली आहे. तिथलं पाणी दिवसातला थोडाच वेळ आरशासारखं शांत असायचं, तेवढ्या वेळात काम उरकायचं आणि उरलेला दिवस वाट पाहायची. मंगोलियाच्या सीमेवरच्या पिवळ्या रानातल्या द्वंद्वासाठी पडलेल्या पानांची रंगाप्रमाणे प्रतवारी लावली होती. सर्वांत चांगली पानं नट्यांच्या चेहऱ्यापुढून उडवायची, कमी प्रतीची पानं जमिनीवर. आणि एवढी निगुतीनं निवडलेली पिवळी पानं, तिथे एक स्त्री मरते त्या क्षणी, सगळी लाल होतात.

मला मात्र पानांपेक्षाही जास्त भावतात त्या राजापुढच्या ज्योती. निनावी आणि सिंहासन यांच्यामध्ये दिव्यांच्या ओळी लावलेल्या आहेत. आपल्याला वाटतं, दरबार आहे, दिवे असणारच, सजावट आहे. गोष्ट बरीच पुढे गेल्यावर राजा सांगतो की समोर बसलेला माणूसच आपला मारेकरी आहे हे त्यानं ओळखलं ते या ज्योतींवरून. त्या माणसाच्या मनातल्या खुनशी आवेगानं त्या हलत होत्या. म्हणजे इतका वेळ उघड उघड डोळ्यांसमोर पुरावा ठेवलेला होता. रंगमंचावर मी आजवर किती समया, किती पणत्या ठेवल्या असतील. कथेची कळ असलेली एकही ठेवली नव्हती. ते पाहिल्यापासून दिग्दर्शक 'इथे एक दिवा ठेवू' म्हणाला की मी त्याला विचारतो, कशाला?

आता 'माणसं हवेत उडतात' या तक्रारीबद्दल. पुरवणीतही तसा उल्लेख आहे. या चित्रपटांचं मूळ पेकिंग ऑपेरात, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीतनाट्यात आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या-ऐकल्या गेलेल्या तलवारबाज वीरांच्या कथांत. तिथला नट दोन पावलांत पर्वत ओलांडतो आणि प्रेक्षक ते मान्य करून बसलेला असतो. सिंधुदुर्गात दशावतार पाहणारा माणूस मृदंगाच्या ठेक्यावर चाललेलं देव-दानवांचं युद्ध बघताना तलवार लाकडी आहे का असं विचारत नाही, तसंच हे. उडण्याचा अर्थ बघायला हवा. 'क्राउचिंग टायगर'मध्ये बांबूच्या शेंड्यांवर चाललेल्या लढतीत चाऊ युन-फॅटचा मुरलेला योद्धा डोलणाऱ्या फांदीवर जवळजवळ निश्चल उभा असतो आणि झांग झियीची तरुण पोर त्याच्याभोवती धडपडत असते. दोघांमधलं वयाचं, साधनेचं, हट्टाचं अंतर त्या एका फांदीवर दिसतं. संवाद लिहून हे सांगायला गेलं तर दोन पानं लागतील.

त्याच चित्रपटातली शस्त्रागारातली लढत तर प्रत्येक नाट्यदिग्दर्शकानं पाहावी. तरुण मुलीच्या हातात चोरलेली अजिंक्य तलवार आहे. मिशेल यो, म्हणजे वयानं आणि अनुभवानं मोठी शू लिएन, एकामागून एक शस्त्र उचलते आणि ती तलवार ते निकामी करते. मग दुसरं, मग तिसरं. एक शस्त्र तर इतकं जड निघतं की तिला ते पेलत नाही. शेवटी तिच्या हातात मोडकी तलवार उरते आणि त्याच मोडक्या तलवारीचं टोक ती मुलीच्या गळ्याशी नेऊन थांबवते. जिंकण्याचं श्रेय शस्त्राचं की हाताचं, हे तिथे कळतं. आणि ती थांबते, हे महत्त्वाचं. या चित्रपटाला 2001 साली चार ऑस्कर मिळाली. त्यांत छायाचित्रण होतं, कलादिग्दर्शन होतं, संगीतही होतं, पण मला वाटतं शस्त्रागारातली ती लढत बसवणाऱ्या युएन वू-पिंग यांचं ऑस्करही तितकंच रास्त ठरलं असतं. तसा पुरस्कारच तेव्हा नव्हता.

या सगळ्यांच्या आधीचे एक गुरू आहेत, दिग्दर्शक किंग हू. पुरवणीच्या यादीत त्यांचं नाव नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं. त्यांचा 'अ टच ऑफ झेन' तैवानमध्ये 1970-71 च्या सुमाराला दोन भागांत आला आणि 1975 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं. तीन तासांचा चित्रपट. पहिला जवळजवळ तासभर कुणी तलवार उपसत नाही. कोळिष्टकं, गवतानं भरलेला ओसाड किल्ला, संध्याकाळचा उजेड, आणि गावात चित्रं काढून पोट भरणारा गू नावाचा अविवाहित गृहस्थ, ज्याची आई त्याच्या लग्नासाठी मागे लागलेली आहे. शेजारच्या पडक्या वाड्यात राहायला आलेली तरुणी ही मारल्या गेलेल्या मंत्र्याची मुलगी, तिच्यामागे राजवाड्याचे हेर लागलेले.

बांबूच्या बनातली यातली लढाई प्रसिद्ध आहे आणि ती तशी असायलाच हवी. शेंड्यांमधून उतरणाऱ्या उन्हाच्या तिरपा आणि त्यांतून वरून तलवार रोखून झेपावणारी शू फेंग, म्हणजे त्या तरुणीचं काम करणारी नटी. ती कशी वर गेली हे दिसत नाही, क्षणभराची झलक मिळते आणि पुढचं दृश्य येतं. पण मी त्याहून वरचढ मानतो ते किल्ल्यातल्या रात्रीनंतरची सकाळ. गूनं युक्ती लढवून किल्ला भुतांनी झपाटल्याची आवई उठवलेली आहे, बाहुल्या आणि सापळे लावलेले आहेत, आणि शत्रूची तुकडी त्यात सापडून मेली आहे. सकाळी तो आपल्या करामती बघत एकेका सापळ्यापाशी जातो. खदखदून हसतो. एकटाच. ते हसू बराच वेळ चालतं, आपणही त्याच्याबरोबर हसतो. मग त्याच उजेडात त्याच्या नजरेला प्रेतं पडतात. एक, मग अनेक. हसू कुठे थांबलं ते कळत नाही. भिक्षू प्रेतं उचलायला आलेले असतात आणि ती तरुणी निघून गेलेली असते. रात्रभर ज्या अंधारानं मृत्यू लपवला, तो उजाडल्यावर हिशेब मागतो. मी हे दृश्य नाटकाच्या पोरांना दाखवलं तेव्हा त्यांतला एकही जण लढाईबद्दल बोलला नाही.

आणि मारधाडीचंच म्हणाल तर दिग्दर्शक हो श्याओ-श्येन यांचा 'द असॅसिन' बघा. 2015 साली कानमध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी किंग हूंच्या 'अ टच ऑफ झेन'ची नव्यानं सुधारलेली प्रतही तिथे दाखवली गेली. चीनमधल्या तांग राजघराण्याच्या काळातली गोष्ट. मारेकरी म्हणून वाढवलेली यिननियांग रेशमी पडद्यांच्या आडून आपल्या सावजाचं घरगुती बोलणं ऐकते आहे. वाऱ्यानं पडदा मध्ये येतो, चित्र धूसर होतं. बाजूला होतो, स्पष्ट होतं. मेणबत्त्या तेवताहेत. बस, एवढंच चाललेलं असतं आणि श्वास रोखून आपण बघत राहतो. ती मारत नाही. 'हीरो'तला ब्रोकन स्वोर्डही हिरव्या पडद्यांच्या दालनात राजाच्या गळ्याशी तलवार नेऊन परत फिरतो, आणि त्याच्यामागे ते सगळे पडदे सरसर खाली येतात. या चित्रपटांचा कळस पुष्कळदा न केलेल्या वारात असतो.

'हीरो'वर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मलाही डाचतो. सगळा देश एका छत्राखाली यावा म्हणून क्रूर राजाला जिवंत सोडायचं, हा त्यातला विचार सत्तेला फार सोयीचा आहे. पटत नाही. तरी शेवटचं चित्र बघा: बाणांनी खच्चून भरलेलं प्रचंड दार आणि त्यात मधोमध एका माणसाएवढी रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेसमोर राजाचा युक्तिवाद मला तरी तोकडा वाटतो. झांग यांना तेच म्हणायचं होतं का, हे प्रत्येकानं पाहून ठरवावं. असा वाद 'कथा बेताची' असलेल्या चित्रपटावर घालता येत नाही.

आता माझी विनंती. हे चित्रपट टीव्हीवर हिंदीत डब होऊन, कापून येतात, तेव्हा आधी कापले जातात ते लढाईच्या आधीचे शांत प्रसंग, म्हणजे नेमकी गोष्टच. जॉन वू यांचा 'रेड क्लिफ' दोन भागांत मिळून पावणेपाच तासांचा आहे, परदेशांसाठी त्याचाच अडीच तासांचा एक भाग केला गेला. युद्ध राहिलं, युद्धाकडे नेणारी माणसं उणी झाली. तेव्हा आपल्या यादीत चित्रपटाची पूर्ण लांबी आणि कोणती आवृत्ती पाहावी हे छापत चला. मूळ चिनी आवाज आणि खाली उपशीर्षकं असलेली प्रत सुचवा. मराठी उपशीर्षकं मला अजून कुठे मिळालेली नाहीत, त्यासाठी आपल्यासारख्या मोठ्या दैनिकानं आवाज उठवला तर खेड्यापाड्यांतल्या नाटकवेड्या मुलांना त्याचा फार उपयोग होईल. आणि आमच्या भागातल्या फिल्म सोसायट्यांना जाहीर विनंती: येत्या वर्षात एक रविवार किंग हूंसाठी ठेवा. मोबाइलवर त्या बांबूच्या बनातला उजेड दिसत नाही. पडदा, प्रोजेक्टर आणि खिडक्यांना लावायला काळं कापड लागलं तर माझ्याकडे आहे, मी घेऊन येईन.

आपला,
एक प्रकाशयोजनाकार, सांगली