तणनाशकाच्या लेबलवर दीर्घकालीन धोकाही छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

तणनाशकाच्या बाटलीवरचा रंगीत चौकोन बहुतेक शेतकऱ्यांच्या ओळखीचा असतो. लाल म्हणजे जहाल, पिवळा म्हणजे जपून, निळा आणि हिरवा म्हणजे फारसे भ्यायचे कारण नाही, असा त्याचा अर्थ वर्षानुवर्षे मनात बसला आहे. मात्र या रंगातून धोक्याची एकच बाजू कळते. दुसरी बाजू लेबलवर कुठेच ठळकपणे येत नाही, आणि त्याचे परिणाम फवारणी करणाऱ्या माणसाला भोगावे लागतात.

कीटकनाशक कायदा 1968 आणि त्याखालील 1971 चे नियम तणनाशकांनाही लागू आहेत. त्या नियमांनुसार चौकोनाचा रंग ठरवताना पाहिले जाते ते एवढेच, की प्रयोगातील निम्मे प्राणी दगावण्यासाठी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम विष लागते. तोंडावाटे 1 ते 50 मिलिग्रॅम पुरत असेल तर लाल, 51 ते 500 असेल तर पिवळा, 501 ते 5000 असेल तर निळा आणि त्याहून जास्त लागत असेल तर हिरवा; कातडीवाटे होणाऱ्या विषबाधेसाठी असेच वेगळे आकडे आहेत. म्हणजे हा रंग एका वेळी शरीरात गेलेल्या मात्रेविषयी बोलतो. तेच द्रावण हंगामामागून हंगाम थोडेथोडे अंगावर उडत राहिले, श्वासातून जात राहिले, तर काय होईल याबद्दल त्यात एक अक्षरही नाही.

पॅराक्वॅट डायक्लोराइड या तणनाशकाचे उदाहरण घ्यावे. उंदरांवरील त्याची मारक मात्रा किलोमागे साधारण 150 मिलिग्रॅम असल्याने ते पिवळ्या गटात बसते. पण 24 टक्के तीव्रतेच्या मूळ द्रावणाचा एखादा घोट पोटात गेला तरी माणूस वाचणे अवघड असते, कारण त्यावर खात्रीचा उतारा आजही उपलब्ध नाही. फुप्फुसाच्या पेशी हे रसायन रक्तातून ओढून घेतात आणि तिथे त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढते. पेशी जळत जातात, पुढे फुप्फुस घट्ट होत जाते आणि रुग्ण शुद्धीवर असतानाच त्याचा श्वास दिवसेंदिवस अपुरा पडू लागतो. धाप लागलेल्या रुग्णाला आपण एरवी निःशंकपणे प्राणवायू लावतो. इथे मात्र त्यानेच इजा वाढू शकते, म्हणून डॉक्टरांना तोही हात राखून द्यावा लागतो. धडधाकट कातडीतून हे रसायन फारसे आत शिरत नाही हे खरे, पण पाठीवरचा पंप गळत असेल, पाठ तासन्तास ओली राहत असेल आणि कातडी सोललेली किंवा खरचटलेली असेल, तर तेवढ्यानेही जीव गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हातमोजे घाला असे लेबल सांगते. गळका पंप पाठीवर घेऊ नका, हे तितक्याच ठळकपणे सांगायला नको का?

दीर्घकालीन परिणामांचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे आणि ते तसेच मांडले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च 2015 मध्ये ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांनी मात्र सुचवलेल्या पद्धतीने वापरल्यास त्यापासून कर्करोग होण्याची शक्यता नाही असा निष्कर्ष काढला, आणि युरोपीय संघाने 2023 मध्ये त्याची परवानगी आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. तज्ज्ञांमध्ये असा मतभेद असताना वापरणाऱ्याला त्याची साधी कल्पनाही लेबलवरून मिळू नये, हे मला पटत नाही. ग्लायफोसेटची तोंडावाटेची मारक मात्रा किलोमागे 5000 मिलिग्रॅमच्या वर जाते, त्यामुळे रंगाच्या फुटपट्टीने मोजले तर ते सौम्यच ठरणार. शिवाय द्रावण पानाला चिकटावे म्हणून त्यात मिसळलेली काही पूरक द्रव्ये मूळ घटकापेक्षा अधिक विषारी असतात. अशाच एका द्रव्याला युरोपीय संघाने 2016 मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांतून बाहेर काढले. पॅराक्वॅटबाबत अमेरिकेतील शेतीवर राबणाऱ्यांच्या 2011 च्या अभ्यासात वापर करणाऱ्यांमध्ये पार्किन्सनचे, म्हणजे हातपाय थरथरणाऱ्या मेंदूच्या आजाराचे, प्रमाण सुमारे अडीचपट आढळले. एका अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. तरीही फ्रान्सने 2012 मध्ये कीडनाशकांच्या संपर्कातून शेतकऱ्यांना होणाऱ्या पार्किन्सनला व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता दिली, ती सर्व वाद मिटण्याची वाट न पाहता.

लेबल वाचायला घेतले की अडचण आणखी स्पष्ट होते. लेबल आणि माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि एक-दोन प्रादेशिक भाषांत असावे असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण एवढ्या भाषा एका छोट्या बाटलीवर बसवताना अक्षर इतके बारीक होते की भर उन्हात, ओल्या हातांनी ते वाचणे कोणालाही जमत नाही. विषबाधेची लक्षणे आणि उताऱ्याची माहिती ज्या घडी घातलेल्या पत्रकात असते, ते बाटली उघडतानाच फेकले जाते. मात्रा हेक्टरी लिहिलेली असते, आणि पंप भरणारा मोजतो ती झाकणे. हेक्टरवरून एकरावर आणि एकरावरून एका पंपावर येण्याचा हिशेब त्याने बांधावर उभे राहून करायचा, अशी आपली अपेक्षा आहे. त्यातही बाटली विकत घेणारा एक आणि फवारणी करणारा मजूर दुसरा असतो, त्यामुळे पुष्कळदा मूळ लेबल मजुराच्या दृष्टीसही पडत नाही. उरलेले द्रावण पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवले, की घरातल्या लहान मुलापर्यंत कोणतीही सूचना पोहोचत नाही.

रसायनांच्या वर्गीकरणाची आणि लेबलची संयुक्त राष्ट्रांची एकसमान पद्धत 2003 पासून प्रसिद्ध आहे. तिच्यात कवटीच्या चिन्हाखेरीज माणसाची आकृती आणि तिच्या छातीवर चांदणीसारखी खूण असे वेगळे चिन्ह आहे. कर्करोग, प्रजननावरील परिणाम आणि अवयवांची दीर्घकालीन हानी यांच्या धोक्यासाठी ते वापरतात. आपल्याकडचा रंगीत चौकोन लोकांना ओळखीचा झाला आहे, तेव्हा तो काढून टाकू नये. त्याच्या शेजारी हे दुसरे चिन्ह यावे. ज्या रसायनावर उतारा नाही, त्याच्या बाटलीच्या दर्शनी भागावर ‘उतारा नाही’ हे दोन शब्द चौकोनाइतक्याच मोठ्या अक्षरांत असावेत. मात्रा एकरी आणि पंपामागे लिहावी, आणि मोजण्याचे माप बाटलीसोबतच द्यावे.

काही रसायनांच्या बाबतीत मात्र लेबल कितीही सुधारले तरी ते अपुरेच राहील, असे माझे मत आहे. ज्यांच्या वापरासाठी लागणारी संरक्षक साधने उष्ण हवामानात असह्य, महाग किंवा सहज न मिळणारी असतात, अशी कीडनाशके टाळावीत, विशेषतः छोट्या शेतकऱ्यांच्या बाबतीत, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आणि जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता सांगते. पॅराक्वॅटला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. स्वीडनने त्यावर 1983 मध्येच बंदी घातली, युरोपीय संघातील त्याची परवानगी 2007 मध्ये न्यायालयाने रद्द केली, आणि ब्राझील व थायलंड या मोठ्या शेतीप्रधान देशांनी 2020 मध्ये त्याचा वापर थांबवला. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने पॅराक्वॅटच्या नोंदणीचा फेरविचार करावा, आणि तो निर्णय होईपर्यंत निदान त्याच्या बाटलीच्या दर्शनी भागावरील मजकूर बदलण्याचा आदेश तातडीने काढावा, अशी माझी मागणी आहे.

आपल्या दैनिकाचा एक वाचक