दोन्ही बटणं चालू आहेत

ती. आई-बाबा यांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा "सगळं ठीक हाय न्हवं?" विचारतात आणि मी "हो" म्हणून लगेच आईकडं फोन द्यायला सांगते. दादाकडं नातवात रमलाय, तिथं उद्यमनगरातल्या आपल्या कारखान्याची कटकट कशाला, असं वाटतं. पण माझ्या आवाजावरून तुम्ही ओळखताच, मग लिहूनच टाकते.

आठवडा वाईट गेला. पार्टीनं ब्रॅकेटचा लॉट परत पाठवला. ड्रॉइंग त्यांनीच बदललं, सांगितलं मात्र माल पोचल्यावर. वर नवीन लॉट गुरुवारी हवाच. जोतिबाच्या यात्रेमुळं निम्मी माणसं डोंगरावर. रात्री झोप नाही, जेवण उभ्या उभ्या. आई, डबा संपवते, काळजी करू नको.

बुधवारी आपला पत्र्याच्या प्रेस मशीनवरचा जुना माणूस म्हणाला, "ताई, एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठिवतो. एका हातानं जॉब लावतो, दुसऱ्यानं दाबतो. लॉट निघंल गुरुवारपत्तोर." (आई, दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच प्रेस खाली येतो, हात आत सापडू नये म्हणून.) मी हो म्हणणारच होते. हिशेब बरोबर होता त्याचा. आणि तेवढ्यात मला टोनी आयोमी आठवला.

बाबा, तोच, माझ्या खोलीतल्या पोस्टरवरचा काळ्या कपड्यांचा डावखुरा गिटारवाला. तुम्ही म्हणायचा, "ह्याच्यापेक्षा आपला प्रेस सुरात चालतोय." तुम्हाला त्याची गोष्ट कधी सांगितलीच नाही, आणि ती तर तुमच्याच धंद्यातली आहे.

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, कारखान्यांचं गाव. 1965 साल, पोरगा 17 वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलेलं, म्हणून नोकरी सोडलेली, आणि तो शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आईनं ऐकलं नाही. हातातलं काम पुरं करूनच सोडायचं, म्हणून परत पाठवलं. (आई, तू पण हेच केलं असतंस, खोटं बोलू नको.) प्रेसवरचं माणूस त्या दिवशी आलं नव्हतं, म्हणून ह्याला तिथं बसवला. कधी न चालवलेलं मशीन. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळं तारा दाबायचा हात नेमका तोच.

डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. घरी पडून असताना कारखान्याचा फोरमन एक रेकॉर्ड घेऊन आला. जँगो राइनहार्ट ह्या गिटारवाल्याची. त्याची 1928 च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, तरी तो असा वाजवायचा. मग ह्यानं काय केलं माहितीय? भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, सोल्डरिंग आयर्ननं भोक पाडलं, पॉलिश पेपरनं घासून बोटाच्या मापाची टोपी केली आणि तार घसरू नये म्हणून वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. चामड्याचं वाचलं तेव्हा मला आपली कोल्हापूरची चप्पल लाईन आठवली. तिथल्या कारागिरानं ह्याहून चांगली शिवून दिली असती. जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढं तारा सैल करून सूर खाली आणला, त्यानं आवाज आणखी जड झाला. त्या आवाजाला जगभर हेवी मेटल म्हणतात. 1970 मध्ये त्याच्या बँडची, ब्लॅक सॅबथची, पहिली रेकॉर्ड आली. 5 जुलै 2025 ला, सत्याहत्तराव्या वर्षी, त्यानं त्याच्याच गावातल्या मैदानात ह्या बँडबरोबर शेवटचं वाजवलं. त्यांचा गाणारा ऑझी पुढं 22 जुलैला वारला.

लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्या दिवशी फक्त तो प्रेस दिसत होता. रिकामी जागा भरायची, घाईत, तीही नवख्या माणसानं. आणि आमचा माणूस तर नवखा पण नाही, म्हणूनच जास्त भीती वाटली. सवयीचा हात बघत नाही.

चिकटपट्टी मी काढून घेतली. पार्टीला फोन केला, लॉट शनिवारी येईल म्हणून. त्यांनी बरंच ऐकवलं, मी पण ऐकून घेतलं. शनिवारी दुपारी माल गेला, दोन्ही बटणांवर. पैसे कापतील थोडे. कापू देत.

जुन्या साठ टनी प्रेसला मात्र बटणं नाहीतच, अजून पायाचं पेडल आहे. त्याला पुढून जाळीचं गार्ड बसवायचंय. तुम्ही एकदा कागदावर काढून ठेवलं होतं, ते कुठल्या कपाटात आहे? सापडत नाही. सापडेपर्यंत तो प्रेस बंद ठेवलाय. आणि आई, कांदा-लसूण चटणीत लसूण किती घालायचा ते दादाच्या मोबाइलवरून पाठव, अंदाजानं नको, मोजून.

बाळाला पापा.

तुमची,
धाकटी