महाकाय विमानांचा आग्रह नको

गर्दीच्या विमानतळांना महाकाय विमानांचाच आधार आहे, असे मांडणारा आपल्या अंकातील लेख वाचला. ते मत पटले नाही. एअरबस कंपनीने २०२१मध्ये ए-३८० या आपल्या महाकाय प्रवासी विमानांपैकी शेवटचे सुपूर्द केले तेव्हा एकूण विमाने २५१ झाली होती आणि त्यांतील १२३ एकट्या एमिरेट्स या दुबईच्या विमान कंपनीने घेतली होती, म्हणजे जवळजवळ निम्मा बाजार एकाच कंपनीवर उभा होता. चार इंजिनांचे इंधन आणि देखभाल यांचा खर्च सुमारे पाचशे आसने बहुतांशी भरली तरच निघतो. याउलट बोइंग ७८७सारखी दोन इंजिनांची विमाने तुलनेने कमी प्रवासी असलेल्या शहरांनाही थेट जोडतात आणि प्रवाशाला मधल्या विमानतळावर ताटकळावे लागत नाही. लंडनच्या गर्दीच्या हीथ्रो विमानतळापुरता लेखकाचा मुद्दा खरा आहे, पण अशा मोजक्या विमानतळांच्या भरवशावर विमानाचे उत्पादन चालू ठेवता येत नाही.

– एक वाचक, ठाणे