जोडी जमण्याआधीचे लॉरेल आणि हार्डी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

लॉरेल आणि हार्डी हे हॉलिवूडचे विनोदी नट मुळातच एकमेकांसाठी घडलेले होते, असे तू लिहिलेस, ते मला पटत नाही. ही जोडी जमली तेव्हा दोघांनीही पस्तिशी गाठली होती आणि तोवर दोघांचेही एकमेकांवाचून काही अडलेले नव्हते.

स्टॅन लॉरेल हा इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टनचा, नाट्यगृहे चालवणाऱ्या बापाचा मुलगा. १९१० मध्ये तो फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक मंडळीबरोबर अमेरिकेला गेला, तेव्हा चॅप्लिन त्या मंडळीचा प्रमुख नट होता आणि हा त्याचा बदली नट. ऑलिव्हर हार्डी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला; मिलेजव्हिलच्या चित्रपटगृहात काम करता करता त्याला पडद्याची ओढ लागली आणि १९१४ पासून तो फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला लघुपटांत दिसू लागला. पुढे १९२१ च्या ‘द लकी डॉग’मध्ये दोघे समोरासमोर आलेही, पण हार्डी त्यात लॉरेलवर पिस्तूल रोखणारा लुटारू आहे, आणि त्यानंतर दोघे आपापल्या वाटेने गेले.

विनोदी चित्रपटांचा निर्माता हॅल रोच याच्या स्टुडिओत लॉरेल आला तो लेखन-दिग्दर्शन करण्यासाठी. १९२६ मध्ये तिथेच नट असलेल्या हार्डीने घरी मटण भाजताना हात भाजून घेतला, त्याची भूमिका रिकामी पडली, आणि लॉरेलला नाइलाजाने पुन्हा तोंडाला रंग लावावा लागला. (एवढ्या थोर जोडीचे श्रेय थोडेसे त्या मटणालाही द्यायला हवे.) त्यानंतर दोघे एकाच लघुपटात वारंवार दिसू लागले आणि या दोघांची जोडीच करावी, हे लिओ मॅकॅरी या जाणत्या दिग्दर्शकाने ओळखले. १९२७ च्या ‘द सेकंड हंड्रेड इयर्स’मध्ये ते कैदी झाले, त्यासाठी डोके भादरल्यावर लॉरेलचे केस उभेच वाढू लागले, लोक ते पाहून हसले, म्हणून त्याने ते तसेच ठेवले.

माझ्या मते खरा शोध मात्र संथपणाचा होता. सगळे विनोदी नट धावत सुटलेले असताना हे दोघे थांबत. १९२९ च्या ‘बिग बिझनेस’मध्ये ते ख्रिसमसची झाडे विकायला जातात; चिडलेला घरमालक त्यांची मोटार मोडतो तेव्हा हे शांतपणे बघत उभे राहतात, त्याचे उरकले की हे त्याच्या घराची मोडतोड करू लागतात, आणि आता बघत उभे राहण्याची पाळी त्याची असते.

तुझा,
मिलिंद