ती विषाणू शोधायला निघालेली माणसं नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ जुलैच्या जागतिक हिपॅटायटिस दिनानिमित्त आपल्या अंकात बारूख ब्लुमबर्ग यांच्यावर आलेला लेख वाचला. हा त्यांचा जन्मदिवस, हे आवर्जून सांगितलंत ते बरं झालं. पण ‘काविळीच्या विषाणूचा माग काढण्यात आयुष्य वेचलेला शास्त्रज्ञ’ हे वर्णन काही पटलं नाही. ते विषाणूच्या मागावर नव्हतेच. मी बरीच वर्षं रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून राहवलं नाही.

त्यांचा प्रश्न आनुवंशिकतेचा होता. वैद्यकीचं शिक्षण घेत असताना ते सुरिनाममधल्या मोएंगो या खाणवस्तीत राहिले होते. तिथं वेगवेगळ्या वंशांच्या मजुरांत हत्तीरोगाचं प्रमाण सारखं नव्हतं. जंत तोच, मग एकाला रोग जडतो आणि दुसरा सुटतो, असं का? याचं उत्तर ते पुढे रक्तातल्या प्रथिनांच्या उपजत फरकांत शोधत राहिले.

त्यासाठीची युक्ती साधी होती. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णाला पुन्हा पुन्हा दुसऱ्यांचं रक्त द्यावं लागतं. त्यातलं एखादं प्रथिन आपल्याहून वेगळं असलं, की त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं. म्हणजे फरक पकडायला त्याचं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) आयतंच हाताशी. आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, थरात बारीक खड्डे पाडायचे, एकात हे सीरम, भोवतीच्या खड्ड्यांत इतरांची. दोन्हीकडून झिरपत ती जिथं भेटतात, तिथं जुळणी असेल तर रेघ उमटते. ही रेघ दिव्यासमोर धरून, काच तिरकी करून बघावी लागते. नवख्याला ती दिसतच नाही.

१९६३ मध्ये ब्लुमबर्ग आणि हार्वे ऑल्टर यांनी अशाच एका रुग्णाचं सीरम २४ नमुन्यांपुढे ठेवलं. रेघ एकाशीच उमटली, आणि तो नमुना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी व्यक्तीचा होता. म्हणून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ (अँटिजेन म्हणजे ज्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात तो पदार्थ). हे नाव आपल्याकडच्या रिपोर्टांवर अजूनही दिसतं. ‘आमच्या घरातून ऑस्ट्रेलियाला कोणीच गेलं नाही हो,’ असं काकुळतीनं सांगणारे नातेवाईक मी पाहिले आहेत.

आधी ब्लुमबर्ग यांना हेही उपजत लक्षणच वाटलं होतं. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) रुग्णांत ते जास्त आढळलं, मग डाउन सिंड्रोम असलेल्यांतही. पण मोठ्या संस्थांत राहणाऱ्यांत ते पुष्कळ, घरी राहणाऱ्यांत कमी आणि नवजात बाळांत नाहीच! उपजत गुण पत्ता बदलला म्हणून बदलत नाही. १९६६ मध्ये तर अशाच एका रुग्णाची आधी निगेटिव्ह आलेली चाचणी काही महिन्यांनी पॉझिटिव्ह आली. जन्मजात असतं ते मधेच कुठून उगवणार? तपासलं, तर यकृताच्या चाचण्या बिघडलेल्या. म्हणजे या अँटिजेनचं नातं उपजत गुणाशी नव्हे, काविळीच्या विषाणूशी असावं.

यानंतरची गोष्ट आपल्या लेखात नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. फिलाडेल्फियाच्या त्यांच्या प्रयोगशाळेत बार्बरा वर्नर ही तंत्रज्ञ हे अँटिजेन वेगळं काढण्याचं काम करत होती. १९६७ च्या एप्रिलमध्ये तिला बरं वाटेना. एका संध्याकाळी तिनं स्वतःचंच सीरम चाचणीला लावलं. सकाळी पाहिलं, तर फिकट रेघ. पुढे काविळीनं डोळे पिवळे झाले; सुदैवानं ती बरी झाली. या चाचणीवरून निदान झालेली विषाणूजन्य काविळीची ती पहिली रुग्ण. रात्रभर त्या काचेचं काय होतंय याची वाट पाहणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

एवढं होऊनही या नात्याच्या पुराव्याचा ब्लुमबर्ग यांचा पुढचा लेख आधी नाकारला गेला. बाकीचं आपण लिहिलंच आहे: दात्यांच्या रक्ताची तपासणी, अर्व्हिंग मिलमन यांच्याबरोबरची लशीची कल्पना, १९७६ चं नोबेल, १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली लस आणि तिनं यकृताच्या कर्करोगालाही घातलेला आळा.

स्वतः ब्लुमबर्ग यांनी नोबेल व्याख्यानात वर्नरचा हा प्रसंग सांगितला आहे. जागा अपुरी पडली असेल तर त्यांच्या नासातल्या नोकरीचा परिच्छेद गाळता आला असता.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ