बंधनांना श्रेय देऊ नका

बर्लिन

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, बंधनं होती म्हणूनच इराणी सिनेमा एवढा मोठा झाला. मला ते मुळीच पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तिथला नियम असा, की पडद्यावर बाईच्या डोक्यावर घरातसुद्धा रुमाल हवा, कारण बघणारे परके. पण आपल्याच घरात, नवऱ्यापुढे कोण रुमाल बांधून वावरतं? घरातला प्रसंग घेतला की खोटा दिसणारच. म्हणून दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींनी गोष्ट बाहेर नेली, रस्त्यावर, मोटारीत. तुम्हाला आवडतात ते मोटारीतले लांबलचक संवाद, त्यामागे हेही कारण आहे. पण वाट शोधली त्या माणसानं. तो तर 1979 च्या इस्लामी क्रांतीच्या आधीपासून, 1970 पासूनच, मुलांवर सुंदर सिनेमे करत होता!

जाच फक्त सरकारचाच होता असंही नाही. पहिला फारसी बोलपट 1933 मध्ये आपल्या मुंबईत झाला, पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणींच्या कंपनीत. त्याची नायिका रूहअंगीझ हिला पडद्यावर आल्याबद्दल लोकांनी पुढे फार छळलं.

आणि दिग्दर्शक जाफर पनाही. 2010 मध्ये सहा वर्षांची कैद आणि वीस वर्षं सिनेमा करायला बंदी. 2011 च्या इथल्या महोत्सवात परीक्षकांमध्ये त्यांची खुर्ची रिकामी ठेवली होती. तरी त्यांनी स्वतः टॅक्सी चालवत तेहरानमध्ये सिनेमा केला. त्यात त्यांची भाची शाळेत सांगितलेले सिनेमाचे नियम वाचून दाखवते : बाईपुरुषांचा स्पर्श नको, चांगल्या माणसाच्या गळ्यात टाय नको! 2015 मध्ये त्याला इथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा मामाला देश सोडायची परवानगी नव्हती. तो घ्यायला ती चिमुरडीच मंचावर आली आणि रडली. हा प्रसंग आठवला की मला अजून संताप येतो.

2025 मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च ठरलेला त्यांचा सिनेमा विनापरवाना, चोरून केलेला आहे. त्यात बायका रुमालाशिवाय वावरतात. नियम झुगारला म्हणून सिनेमा उणा झाला का, बाबा? आणि त्या बंदीच्या वर्षांत जे सिनेमे झालेच नाहीत, त्यांचा हिशेब कोण देणार?

दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफ तर 2024 मध्ये तुरुंग टाळायला पायी डोंगर ओलांडून निघाले आणि इथे जर्मनीत आले. त्यांचा सिनेमा तुमच्या फिल्म सोसायटीत लावा, आणि मग आपण पुन्हा भांडू.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू